दुपारचा पहारा

चैत्र लागला की उमेळ्यात अजून कुठे ना कुठे मोगरा फुलतो. बागायती गेल्या, विहिरींवर स्लॅब पडले, आमच्या केळींच्या जागेवर चार मजले उभे राहिले आणि त्यांतल्याच एका मजल्यावर आता म्हातारपणी मी परत येऊन राहते. पण कुणाच्या कुंपणाशी, कुणाच्या गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात एखादा मोगरा उरलेला असतोच. सकाळी त्याचा वास येतो आणि पाठोपाठ देवळाच्या कर्ण्यातून नाम सुरू होतं. रामनवमीचा सप्ताह बसलेला असतो. कर्णा नेमका आमच्या खिडकीकडे तोंड करून बांधतात. शेजारीण खिडक्या लावून घेते, मी उघड्या ठेवते. नातू विचारतो, आजी, एवढ्या आवाजाचा तुला त्रास नाही होत? मी म्हणते, मी पहाऱ्यावर आहे. तो हसतो आणि आपल्या कामाला लागतो. म्हातारीच्या नादी किती लागायचं, हे त्याला बरोबर कळतं.

खरं तर मी नाम ऐकत नसते. मी सांधा ऐकत असते. एकाचा आवाज संपून दुसऱ्याचा सुरू होतो, ती जागा. कर्ण्यातून ती आता फार कोरडी ऐकू येते. एक आवाज थांबतो, खरखर होते, कुणीतरी खाकरतं, मग दुसरा सुरू होतो. मधल्या त्या खरखरीत मी हातातलं काम टाकून कान लावते. इतकी वर्षं झाली, पण लावतेच.

आमच्या लहानपणी देऊळ कौलारू होतं. सप्ताहाआधी आळीतल्या बायका जमीन सारवायच्या, पुरुष दाराला केळीचे खांब बांधायचे. मग सात दिवस वीणा खाली टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दुसऱ्याच्या गळ्यातून तिसऱ्याच्या. जो तो आपापल्या पहाऱ्याला उभा राहून 'राम कृष्ण हरी' म्हणायचा, आणि समोर कुणी टाळ वाजवायला असो-नसो, नाम थांबायचं नाही. देण्याघेण्याचा नियम कडक होता. घेणाऱ्यानं आधी देणाऱ्याच्या पायाशी वाकायचं, वीणा आपल्या गळ्यात घ्यायची आणि देणाऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा. तो आवाज नीट उमटला की मग देणाऱ्यानं गप्प व्हायचं. तोवर नाही. घसा सुकला, पाय गळाले, तरी घेणाऱ्याचा आवाज आल्याशिवाय देणाऱ्यानं थांबायचं नाही. एवढं करूनही मध्ये पोकळी राहिली तर नाम पडलं म्हणायचे. पाळण्यातून मूल पडल्यावर बायका ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात म्हणायचे.

बाबा दरवर्षी दुपारचा पहारा मागून घेत. पहाटेचा पहारा सगळ्यांना हवा असतो. गार वारा असतो, आवाज मोकळा असतो, पुण्यही जास्त मिळतं म्हणतात. दुपारचा पहारा म्हणजे पेंगण्याचा पहारा. चैत्राचं ऊन, वर तापलेली कौलं, पोटात नुकताच जेवलेला भात. देवळात चिटपाखरू नसायचं. असलंच तर खांबाला टेकून घोरत असायचं. अशा वेळी जीभ नाम घेत राहते आणि मन वाडीत जाऊन केळीला पाणी लागलं की नाही ते बघून येतं. बाबांना नेमकी तीच वेळ हवी असायची. ते म्हणत, "तोंड पोपटाला पन हाय, बाय. नाम कानानं घ्यायचं." आपण उच्चारलेलं प्रत्येक नाम आपल्याच कानावर पुन्हा यायला हवं आणि ते आलेलं आपल्याला कळायला हवं. एक जरी न ऐकता गेलं तरी ते आपलं नव्हे. किती झाली याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. ऐकली किती, एवढंच ते बघायचे.

हे शहाणपण त्यांना पोथीतून मिळालं नव्हतं, रहाटावरून मिळालं होतं. आमच्या विहिरीवर रहाट होता. झापड बांधलेला बैल गोल फिरायचा, गाडग्यांची माळ भरून वर यायची, पन्हळीत रिती व्हायची आणि पाणी पाटानं केळीत, पानवेलीत, मोगऱ्यात जायचं. दिवसभर तो करकर-खळखळ असा एकसारखा आवाज. बाबा वाडीच्या दुसऱ्या टोकाला केळीचे लोंगर उतरवत असोत की पानं खुडत असोत, कानाचा एक कोपरा रहाटाकडे. बैल थांबला की आम्हाला काही कळायच्या आत ते तिथूनच ओरडायचे. एखादं गाडगं फुटलं तर तेही त्यांना आवाजावरून समजायचं. आईनं एकदा त्यांना टोमणा मारला होता की दिवसभर नाम तर आमचा बैलसुद्धा फिरवतो, त्याला कुणी बुवा म्हणत नाही. बाबा खूप हसले होते. म्हणाले, म्हणून तर त्याच्यावर कान ठेवावा लागतो. मलाही त्यांनी तेच शिकवलं. मोगरा खुडताना मी तोंडानं शाळेतल्या कविता म्हणायची आणि कानानं बैल सांभाळायची.

मग एका पावसाळ्यानंतर बाबांना हिवताप आला. खाडीच्या बाजूला तो कुणाला चुकला नव्हता. भातकापणीच्या तोंडावर घरटी एक तरी माणूस गोधडीखाली कुडकुडत पडलेलं असायचं आणि प्रत्येक घराच्या कोनाड्यात कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, बाटली असायची. ते इतकं कडू की नाव काढलं तरी माझी जीभ आत ओढली जाते. बाबा एकदा उठले, पुन्हा पडले, पुन्हा उठले. वाडी कोण बघणार म्हणून दवाखान्यात सांगितलं होतं त्याहून जास्तच पीत राहिले. ताप गेला. एका सकाळी ओटीवर बसून त्यांनी आईला विचारलं की देवळात वीणा लागलीय का? सप्ताहाला तर अजून कितीतरी महिने होते.

त्यांच्या कानांत एक बारीक, न थांबणारा सूर सुरू झाला होता. वीणेची तार छेडून झाल्यावर मागे राहतो तसा. उठताबसता, जेवताना, रहाटावर, सतत. त्यांनी ते दाजीकाकांना सांगितलं. दाजीकाका म्हणजे शेजारच्या वाडीचे, बाबांचे लहानपणापासूनचे सोबती आणि दुपारच्या पहाऱ्यात बाबांकडून वीणा घेणारे. दाजीकाकांनी ते आणखी कुणाला सांगितलं. सप्ताहाला येणाऱ्या एका बुवांच्या कानावर गेलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, हा अनाहत नाद आहे, जन्मभर तप करणाऱ्यालाही असा सहजी मिळत नाही. मग काय! चंदनसारहून लोक बैलगाडी करून बाबांच्या पाया पडायला यायला लागले. बाबा अवघडून जायचे. हातातला कोयता लपवायचा कुठे ते त्यांना कळायचं नाही. पण ते सुखी होते हे मी पाहिलं आहे. ओटीवर पाठ टेकून, डोळे मिटून, ते आतल्या आत ऐकत असायचे. आयुष्यभर ज्याच्यासाठी कान टवकारला ते आता न बोलावता आलं होतं. मला तेव्हा नुकती साडी आली होती. असल्या बापाची मुलगी म्हणून मी आळीतून जरा ताठच चालायची.

आई आलेल्यांना गूळपाणी द्यायची, पण बाबांच्या पाया पडली नाही. एकदा बाबा पाठमोरे बसलेले असताना तिनं त्यांच्या मागे तांब्याची कळशी मुद्दाम खाली टाकली. मी आतल्या घरातून धावत आले. कुत्रं उठून पळालं. बाबांनी मान वळवली नाही. आईनं कळशी उचलली, तिला पडलेला पोचा पदरानं पुसला आणि आत गेली. त्या दिवसापासून बाबांशी काही बोलायचं असलं की ती आधी वळसा घालून त्यांच्या समोर जायची. तिनं हे असं का धरलंय ते मला कळत होतं, आणि ते कळून घ्यायचं नव्हतं.

चैत्र आला. देवळात वीणा उभी राहिली आणि दुपारी बाबांच्या गळ्यात आली. त्या वर्षी दुपारचं देऊळही भरलं होतं. नाद ऐकणाऱ्या माणसाचा पहारा बघायला लोक आले होते. आम्ही बायका खांबांच्या मागे. बाबा फार सुंदर म्हणत होते. आवाज थोडा चढा लागत होता, पण डोळे मिटलेले, चेहरा निवलेला. वेळ झाली. दाजीकाका वाकले, त्यांनी वीणा गळ्यात घेतली. त्या आठवड्यात त्यांना खोकल्यानं धरलं होतं. त्यांनी नामासाठी तोंड उघडलं आणि आवाजाऐवजी नुसती घरघर निघाली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. एरवी बाबा थांबले नसते, घेणाऱ्याला सावरून घेत आणखी घटकाभर म्हणत राहिले असते. पण बाबांना सूर ऐकू येत होता. त्यांच्या कानात वीणा वाजत होती, नाम चालू होतं. दाजींनी घेतलं, असं समजून ते गप्प झाले.

देवळात शांतता पसरली. पाकोळ्यांचे पंख ऐकू येत होते. नाम पडलं होतं, आणि त्या शांततेच्या मध्यभागी बाबा हात जोडून, डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्यानं नाम ऐकत उभे होते.

किती वेळ गेला असेल, मला सांगता येत नाही. मग माझ्या अगदी शेजारून नाम उठलं. आईनं उचललं होतं. बायका मागून सूर धरायच्या, पण पडलेलं नाम बाईनं उचलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तिचा आवाज बारीक आणि कापरा होता, पण ती थांबली नाही. पुरुषांनी माना वळवल्या, कुणी टाळ उचलले, दाजीकाकांना आवाज सापडला. तेव्हा बाबांनी डोळे उघडले. त्यांनी लोकांचे चेहरे पाहिले. खांबाआड हलणारे आईचे ओठ पाहिले. मग दाजीकाकांच्या रडवेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. ते माणसांतून वाट काढत बाहेर गेले. चपला घालायच्या राहिल्या. तापलेल्या वाळूतून अनवाणी घरी गेले.

कुणी त्यांना बोललं नाही. बोललं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं, आणि पाया पडायला येणारे आपोआप यायचे थांबले. वसईच्या डॉक्टरांनी कान तपासले, किती कोयनेल घेतलं ते आईला विचारलं आणि बाबांना बाटलीची खूण करून, कान त्यानंच गेले, आता उपाय नाही, असं हातानंच सांगितलं. वाडीत आल्यावर बाबा सरळ रहाटाकडे गेले. तिथे आणखी एक गोष्ट बघायला मिळाली. बाबांना ऐकू येत नाही, हे साऱ्या गावाच्या आधी आमच्या बैलाला कळलेलं होतं. बाबांची पाठ फिरली की तो खुशाल उभा राहून रवंथ करायचा. केळी सुकायला लागल्या होत्या त्याचं कारण हे. आई पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता रडायला लागली.

त्यानंतर बाबा रहाटापाशीच बसायचे. त्यांनी देवळाची वाट सोडली आणि तोंडातलं नामही सोडलं. का, ते मला ठाऊक होतं. ऐकल्याशिवाय घेतलेलं नाम आपलं नव्हे, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. आता ते कशानं ऐकणार होते? माणूस आंधळा झाला तर देव दिसत नाही म्हणून रडतो. बाबांकडे तर रडायलाही काही नव्हतं, कारण त्यांच्या कानात तो सूर चालूच होता, आणि तो काय आहे ते त्यांना आता माहीत होतं.

कधीतरी बसल्या बसल्या त्यांनी रहाटाच्या आडव्या लाकडावर तळहात ठेवला असेल. बैल चालत असला की लाकूड थरथरायचं. थांबला की निपचित व्हायचं. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा ते तसे हात ठेवून बसले होते, आणि बैल थांबताक्षणी त्यांनी त्याला पाठमोऱ्यानंच हाक घातली. पुढे मोगरा खुडून झाला की मीही त्या लाकडावर त्यांच्या हाताशेजारी हात ठेवून बसायची. आमचं बोलणं तिथेच व्हायचं. ते बोलायचे आणि मी मान हलवायची.

तिथेच एकदा त्यांनी मला ते सांगितलं. पुढचा चैत्र जवळ आला होता. म्हणाले, "आता तो सूर पन गेला, बाय. काय नाय ऱ्हायलं." थोडा वेळ त्यांनी रहाटाचं लाकूड चाचपलं. मग म्हणाले, "ते कोयनेल होतं. मी नाम समजलो. पन बरं लागलं होतं गं."

एवढंच. पुढे मी लग्न करून राजोडीला गेले, लेकरं झाली, म्हातारी झाले, बुवांची कितीतरी कीर्तनं ऐकली. अनाहत नादावर कुणी बोलायला लागलं की मला बाबांचं ते 'बरं लागलं होतं' आठवतं आणि पुढचं काही कानात शिरत नाही. त्यांनी तो सूर मनापासून ऐकला होता. दिवसभर, क्षणभरही कान न हटवता, एखाद्या आईनं तान्ह्याचा श्वास ऐकावा तसा. तो औषधाचा होता ही काही त्यांच्या ऐकण्यातली खोट नव्हती. हे मला तेव्हा त्यांना सांगता आलं नाही. मान हलवून एवढं सांगता येत नाही.

बाबा रहाटापाशी ते बोलले त्याच चैत्रात, सप्ताह बसल्यावर, दाजीकाका आमच्या ओटीवर आले. वर्षभर त्यांनीही स्वतःला खाल्लं होतं. माझा घसा बसला म्हणून नाम पडलं, दोष माझा, असं ते आईला पुन्हा पुन्हा सांगत होते. बाबांना त्यांनी हातानं उठवलं. बाबा मान हलवत होते, कानाकडे बोट दाखवत होते. दाजीकाकांनी ते बोट धरलं, सगळा तळहात उघडला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. मग उभ्या उभ्या, ओटीवरच, नाम घेतलं. बाबा दचकले. त्यांनी हात मागे घेतला, आपल्या तळहाताकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवला.

त्या दुपारी बाबा पहाऱ्याला उभे राहिले. बघायला कोणी नव्हतं. आम्ही दोघी होतो आणि खांबाला टेकून एक म्हातारा घोरत होता. बाबा म्हणत होते तेव्हा त्यांचा स्वतःचा एक हात स्वतःच्याच छातीवर होता. आवाज फाटत होता, सूर कुठल्या कुठे जात होता. वेळ झाली तेव्हा दाजीकाका वाकले, वीणा घेतली, हनुवटी वर केली. बाबांनी त्यांच्या गळ्यावर तळहात ठेवला आणि म्हणत राहिले. दाजीकाकांचा आवाज लागला, मिसळला. तरी बाबा थांबले नाहीत, आणखी खात्री करून घेतली. मग डोळे उघडले आणि गप्प झाले. नाम पडलं नाही. त्यानंतर जितके चैत्र ते उभे राहिले, तितक्या वेळा त्यांच्याकडून वीणा घेणारा आपणहून हनुवटी वर करायचा. नवख्याला जुने लोक आधीच शिकवून ठेवायचे.

बाबांचा शेवटचा चैत्र आला तेव्हा मी राजोडीला होते. निरोप आला तशी गाडी जुंपून निघाले. मोगऱ्याचे दिवस होते, वाटेवरच्या सगळ्या वाड्या दरवळत होत्या, आणि मला तो वास नकोसा झाला होता. बाबांना पडवीत आणून निजवलं होतं. देवळात सप्ताह चालू होता, त्यांच्या पहाऱ्याला दाजीकाका उभे होते. मी समोर बसले. बाबांनी मला ओळखलं. मग त्यांचा हात अंथरुणावरून उचलला गेला, मध्येच पडला, पुन्हा उचलला. आईला वाटलं पाणी हवंय. मला कळलं. मी वाकले, हनुवटी वर केली आणि त्यांचा तळहात माझ्या गळ्यावर ठेवला.

मी कधी पहाऱ्याला उभी राहिले नव्हते. बायकांना वीणा कोण देणार? पहिल्यांदा नुसती घरघर निघाली आणि बाबांच्या कपाळावर आठी उमटली. मग आवाज लागला. राम कृष्ण हरी. आठी गेली. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, आवाज नव्हता, पण हलत होते. दुपारचं ऊन पडवीच्या कडेपर्यंत आलं होतं. रहाटाचा आवाज येत होता, बैल चालत होता. बाबांचा हात हळूहळू जड झाला. ओठ थांबले. आईनं त्यांच्या नाकाशी बोटं धरली, बराच वेळ धरली, मग माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "बाय, ऱ्हाऊ दे आता."

मला थांबता येईना. रडताही येईना, कारण रडले असते तर आवाज तुटला असता. घेणाऱ्याचा आवाज आल्याशिवाय देणाऱ्यानं थांबायचं नसतं, आणि त्यांच्याकडून मी घेतलं होतं, म्हणजे आता देणारी मीच होते. त्यांचा हात मी माझ्या गळ्यावर तसाच धरून ठेवला आणि म्हणत राहिले. आई म्हणत होती, पुरे. शेजारच्या बायका आल्या, त्याही म्हणाल्या, पुरे. घसा सुकून सोलवटल्यासारखा झाला.

देवळातला पहारा दुसऱ्याला देऊन दाजीकाका तसेच अनवाणी आले. अंगणात त्यांनी माझा आवाज ऐकला आणि पडवीत पाऊल टाकायच्या आधीच नाम उचललं. त्यांचा आवाज माझ्या आवाजात मिसळला, नीट उमटला. मी खात्री करून घेतली. मग थांबले, बाबांचा हात खाली ठेवला आणि रडले.